परमुलखातील वस्ताद

सुताराने केलेली खुर्ची त्याच्या डोळ्यांसमोर असते. कुंभाराचे मडके फुटले, तर निदान त्याच्या खापऱ्या तरी त्याला दिसतात. शिक्षकाचे तसे नाही. त्याने घडविलेली माणसे त्याच्या हातून निसटून दूर जातात, आणि पुढे त्यांचे काय झाले हे त्याला कधी एखाद्या पत्रातून कळते, कधी वर्तमानपत्राच्या एखाद्या ओळीतून कळते, तर कधी मुळीच कळत नाही. शाळेतल्या गुरुजींना ह्या वियोगाची सवय झालेली असते. दर उन्हाळ्यात एक वर्ग जातो आणि पावसाळ्याबरोबर दुसरा येतो. परंतु शिष्य जागच्या जागी राहिले आणि गुरूलाच तो देश सोडावा लागला तर? आणि पुढे एके दिवशी तेच शिष्य गुरूच्या मायभूमीविरुद्ध झुंजायला उभे राहिले, तर त्याने टाळ्या तरी कोणासाठी वाजवाव्यात? जिमी होगन नावाच्या एका इंग्रज फुटबॉल शिक्षकावर असा प्रसंग खरोखरच आला.

होगनचा जन्म १८८२ साली इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात, नेल्सन ह्या गिरणगावात झाला. वडील कापडगिरणीत काम करीत. घर आयरिश वळणाचे आणि श्रद्धाळू. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती, आणि त्यासाठी त्याला मँचेस्टरच्या एका विद्यालयात घातलेही होते. मुलाचे मन मात्र पोथीपेक्षा चेंडूत अधिक रमले, आणि वयात येताच तो धंदेवाईक खेळाडू झाला.

त्या काळचे इंग्लंड म्हणजे फुटबॉलचे माहेरघर. खेळाचे नियम १८६३ मध्ये तिथेच ठरले, आणि तिथूनच तो खलाशी, व्यापारी आणि शाळामास्तर ह्यांच्या संगतीने जगभर पसरला. साहजिकच, ह्या खेळात आपण कोणाकडून काही शिकावे असे अजून उरले आहे, ही कल्पनाच तिथल्या लोकांना मानवत नसे. खेळाडूंनी आठवडाभर मैदानाभोवती पळावे, अंगात दम कमवावा, आणि शनिवारी चेंडूवर तुटून पडावे, असा शिरस्ता होता. सरावाच्या वेळी चेंडू दृष्टीसही पडू द्यायचा नाही, म्हणजे सामन्याच्या दिवशी खेळाडू चेंडूसाठी भुकेलेले राहतात, असेही एक शहाणपण प्रचलित होते. पोहायला शिकणाऱ्याला आठवडाभर विहिरीपासून दूर ठेवावे, तशातलाच हा प्रकार!

बर्नलीच्या संघात खेळत असताना एका सामन्यात होगनने जोराने मारलेला चेंडू गोलाच्या वरून निघून गेला. दुसरा कोणी असता, तर क्षणभर हळहळून तो प्रसंग विसरून गेला असता. होगनने आपल्या व्यवस्थापकाला विचारले, की असे का झाले? मारताना आपला पाय चुकीच्या जागी पडला काय, की अंगाचा तोल गेला? त्यावर व्यवस्थापकाने उत्तर दिले, की तू आपला मारीत राहा; दहांतला एक आत गेला तरी पुष्कळ झाले. ह्या उत्तराने होगनचे समाधान झाले नाही. उरलेल्या नऊ चेंडूंचे काय, हा प्रश्न त्याच्या मनात घर करून बसला. आपली उत्तरे आपणच शोधली पाहिजेत, असे त्या दिवसापासून त्याने ठरवून टाकले.

पुढे तो बोल्टनच्या संघात गेला. त्या संघाबरोबर हॉलंडच्या दौऱ्यावर असताना त्यांनी डॉर्ड्रेख्ट गावच्या संघाला १०–० असे हरविले. एवढा मोठा विजय मिळाल्यावर जेत्याला पराभूताची आठवण राहत नाही. होगनला मात्र ती राहिली. ह्या मुलांना खेळायला शिकविण्यासाठी आपण परत येऊ, असे तो मनाशी म्हणाला, आणि १९१० मध्ये तो खरोखरच त्यांचा शिक्षक होऊन डॉर्ड्रेख्टला गेला. तेव्हा त्याचे वय अवघे अठ्ठावीस. त्याच्या हाताखालचे खेळाडू बहुतेक विद्यार्थी होते आणि त्यांना शिकण्याची हौस होती. होगनने त्यांच्यासाठी फळा टांगला, हातात खडू घेतला, आणि कोणी कुठे उभे राहावे, चेंडू कोणाकडे द्यावा, हे आकृत्या काढून समजाविले. फुटबॉलचा असा वर्ग तोवर फारसा कोणी पाहिला नव्हता. दोन वर्षांनी व्हिएन्नाहून ह्यूगो माइझल ह्या खटपटी गृहस्थाचे त्याला बोलावणे आले. तिथल्या खेळाडूंना पहिल्या दिवशी त्याची शिकवण पसंत पडली नाही. हा आपल्याला अगदीच मुळाक्षरे गिरवायला लावतो, अशी त्यांची तक्रार होती. पण माइझलचा विश्वास ढळला नाही, आणि लवकरच खेळाडूंचाही ग्रह पालटला.

१९१४ च्या उन्हाळ्यात होगन बायकामुलांसह व्हिएन्नातच होता. युद्धाच्या वावड्या उठू लागल्या, तेव्हा त्याने ब्रिटिश वकिलातीत जाऊन चौकशी केली. तूर्त घाबरण्याचे कारण नाही, असे त्याला सांगण्यात आले. नंतर दोनच दिवसांत युद्ध पेटले, आणि ज्या गावात तो काल ‘गुरुजी’ होता, तिथेच आज शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पकडला गेला. त्याची पत्नी व मुले काही महिन्यांनी इंग्लंडला परत जाऊ शकली. त्याला मात्र जाता येईना. व्हिएन्नात मोठे दुकान असलेल्या दोघा इंग्रज भावांनी त्याची हमी घेतली म्हणून तुरुंग टळला. त्यांच्याच घरी त्यांच्या मुलांना टेनिस शिकवून त्याने दीड वर्ष काढले.

अशा अवस्थेत त्याला हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथून बोलावणे आले. तिथल्या एमटीके ह्या फुटबॉल मंडळाचे एक पदाधिकारी केंब्रिजला शिकलेले होते. त्यांनी आपले वजन खर्चून होगनला बुडापेस्टला आणविले. त्याने ठराविक वेळी पोलीस ठाण्यावर हजेरी द्यायची आणि उरलेल्या वेळात संघाला शिकवायचे, अशी व्यवस्था झाली. शत्रूच्या देशात नजरकैदेत असलेला माणूस त्या देशातील तरुणांना खेळ शिकवीत आहे, असे दृश्य जगाच्या इतिहासात फार वेळा दिसले नसेल.

परंतु शिकवायचे कोणाला? संघातील कर्ते खेळाडू रणांगणावर गेलेले. मैदान मोकळे, आणि वस्ताद एकटा. तेव्हा होगन मुलांच्या शोधात निघाला. शहरातील एका उद्यानात काही पोरे चेंडू खेळत होती, त्यांत दोघेजण त्याच्या नजरेत भरले. एकाचे नाव ओर्थ, दुसऱ्याचे ब्राउन. दोघेही हायस्कुलात शिकणारे, दोघेही चलाख. होगनने त्यांना जवळजवळ झडपच घातली. ही मुले माझी, असे त्याने जाहीर करून टाकले. रोज शाळा सुटली, की दोघांनी दप्तरे ठेवून मैदानावर यायचे आणि अंधार पडेतो वस्तादासमोर राबायचे, असा क्रम सुरू झाला.

आपल्याकडे तालमीत नवा पोरगा आला, की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी कुस्ती धरू देत नाही. पवित्रा कसा घ्यावा, पाय कुठे रोवावा, श्वास कसा राखावा, हे आधी. होगनची रीत अशीच होती. फरक एवढाच, की त्याने चेंडू मुलांपासून कधी दूर ठेवला नाही. धावणे असो, उडी असो, वळणे असो, सर्व काही चेंडूसह. वरून आलेला चेंडू छातीवर किंवा पावलावर अलगद झेलून त्याच क्षणी आपल्या स्वाधीन करून घ्यावा. तो हवेत भिरकावण्यापेक्षा गवतावरून सोबत्याच्या पायाशी पोचवावा. आणि चेंडू दिल्यावर पाहत उभे न राहता लगेच मोकळ्या जागी सरकावे. उजव्या पायाइतकाच डावा पायही कह्यात हवा. जी गोष्ट सांगायची, ती होगन स्वतः करून दाखवी. पुढे म्हातारपणी तो शिष्यांना सांगे, की हा खेळ व्हिएन्नाच्या नाचासारखा तालात चालला पाहिजे. ताल चुकला, की मग उरते ती नुसती धावपळ.

ओर्थ आणि ब्राउन पाहता पाहता तयार झाले. ओर्थ तर पुढे हंगेरीच्या सर्वकाळच्या थोर खेळाडूंत गणला गेला. १९१६–१७ आणि १९१७–१८ ह्या दोन्ही वर्षी एमटीकेने हंगेरीचे अजिंक्यपद मिळविले.

१९१८ च्या शरद ऋतूत युद्ध संपत आले, बुडापेस्टमध्ये राज्यक्रांती झाली, आणि होगनला घरी जाण्याची वाट मोकळी झाली. चार वर्षांनी तो मायदेशी परतला, तो कफल्लक होऊन. युद्धामुळे हलाखीत सापडलेल्या खेळाडूंसाठी एक निधी ठेवला आहे, असे त्याच्या कानावर आले. उसने पैसे काढून तो लंडनला गेला आणि फुटबॉल संघटनेच्या कचेरीत उभा राहिला. तिथे त्याच्या हातावर काय पडले? लोकरी मोज्यांचे तीन जोड! आघाडीवरच्या शिपायांना हेच पाठवीत होतो आणि ते आनंदाने घेत, असेही त्याला ऐकविण्यात आले. हा प्रसंग होगन स्वतः सांगत असे. शत्रूच्या मुलुखात युद्धकाळ काढून आलेल्या माणसाविषयी तिथे किती अढी होती, हे त्या तीन जोडांवरून कळते. त्याच्या मनाला ही जखम फार लागली.

इकडे बुडापेस्टमध्ये त्याचा संघ जिंकतच राहिला. १९१९ गेले, १९२० गेले, १९२१ गेले, तरी अजिंक्यपद एमटीकेकडेच. होगनने पाया घातल्यापासून १९२४–२५ पर्यंत सलग नऊ वेळा ह्या संघाने ते पद मिळविले. त्यांतली पहिली दोन वर्षे सोडली, तर उरलेल्या सात विजयांच्या वेळी गुरू जवळ नव्हता. त्या काळी परदेशातील सामन्याचा निकाल घरबसल्या कानी पडण्याची सोय नव्हती. कुठेतरी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात दोन आकडे छापून येत, किंवा कोणाचे पत्र येई. गुरू पाठीशी उभा असताना शिष्याने जिंकावे, ह्यात नवल नाही. गुरू गेल्यावर सात वर्षे त्याने जिंकत राहावे, ह्यात गुरूचीही परीक्षा आहे. कारण त्याची विद्या शिष्याच्या अंगी मुरली होती की नुसती वर चिकटली होती, हे त्याच्या पश्चातच ठरते.

१९२५ मध्ये होगन पुन्हा ह्या संघाकडे परत गेला. गंमत अशी, की तो आला आणि त्याच हंगामात विजयांची साखळी तुटली! दुसऱ्या एका संघाने अजिंक्यपद पटकावले. लाडक्या ओर्थचा पाय त्याच वर्षी व्हिएन्नातल्या एका सामन्यात जबर मोडला होता. दोन वर्षे राहून होगनने बुडापेस्ट पुन्हा सोडले. ह्या वेळचे सोडणे कायमचे होते.

त्यानंतरची त्याची भ्रमंती सगळी सांगत बसले, तर भूगोलाचा धडा होईल. स्वित्झर्लंड, जर्मनी, फ्रान्स, पुन्हा ऑस्ट्रिया. जर्मनीतील एक गोष्ट मात्र सांगण्याजोगी आहे. तिथे त्याला फिरून व्याख्याने द्यावयाची होती, आणि त्याचे जर्मन भाषेचे ज्ञान बेताचे. एका व्याख्यानात त्याने भलताच शब्द वापरला आणि श्रोते खो खो हसू लागले. होगनने काही वेळ विश्रांती घेण्याची विनंती केली आणि तो आत निघून गेला. परत आला तो खेळाडूच्या वेषात, अनवाणी. सभागृहाच्या एका टोकाला लाकडी तावदान होते. त्याने उजव्या पायाने चेंडू त्यावर हाणला. तो उसळून परत आला, तोच डाव्या पायाने असा काही मारला की तावदान दुभंगले. मग हसण्याचे धाडस कोणाला होणार? ह्याच जर्मनीत, ड्रेस्डेन शहराच्या संघात, हेल्मुट शोन नावाचा एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा त्याच्या हाताखाली शिकला.

मायदेशात मात्र होगनचे नशीब तितकेसे उघडले नाही. पिकते तिथे विकत नाही, ही म्हण इंग्रजीत नसली तरी इंग्लंडात ती खरी ठरली. १९३४ मध्ये लंडनच्या एका संघाने त्याला नेमले आणि काही महिन्यांतच, तो रुग्णालयात असताना, काढूनही टाकले. मुरलेल्या खेळाडूंना शिकविण्याची गरज नसते, असे तिथल्या लोकांचे मत होते. ॲस्टन व्हिला ह्या संघाने त्याचे थोडे ऐकले आणि १९३८ मध्ये तो संघ दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत चढला. पण लगेच दुसरे महायुद्ध आले आणि खेळाची मैदाने ओस पडली.

ह्या युद्धाने बुडापेस्टच्या त्या दोघा शाळकरी मित्रांची फार निरनिराळी गती केली. ब्राउन ज्यू होता. त्याला सक्तीच्या मजुरीसाठी पूर्वेकडील रणभूमीवर नेण्यात आले, आणि १९४३ मध्ये तो तिथेच मेला. मोडक्या पायाचा ओर्थ त्याआधीच देशाबाहेर पडला होता. चिली, मेक्सिको, पेरू अशा दूरदूरच्या देशांत तो फुटबॉल शिकवीत हिंडला आणि १९६२ मध्ये पोर्तुगालात वारला. गुरूप्रमाणेच तोही परमुलखातील वस्ताद झाला.

युद्धानंतर हंगेरीत राज्यपद्धती बदलली. पूर्व आणि पश्चिम युरोपच्या सीमेवर काटेरी तारा आल्या. जाणे-येणे, पत्रव्यवहार, सारेच अवघड झाले. एमटीकेचे नावसुद्धा पुसले गेले. काही वर्षांत दोन-तीन नावे बदलून १९५३ मध्ये तो संघ ‘लाल बावटा’ अशा अर्थाच्या हंगेरियन नावाने खेळू लागला. पण नाव बदलले म्हणून घरातली रीत बदलत नाही. ज्या मैदानावर होगनने ओर्थ आणि ब्राउनला चेंडू झेलायला शिकविले, त्या मैदानाची परंपरा तीच राहिली. हंगेरीच्या राष्ट्रीय संघाचे सूत्रधार गुस्ताव शेबेश स्वतः ह्याच मंडळात खेळून मोठे झालेले होते, आणि त्यांच्या संघातील हिदेगकुटी, लांतोश व झकारिआश हे तिघेही ह्याच मंडळाचे खेळाडू होते.

हा हंगेरीचा संघ १९५० पासून एकही सामना हरला नव्हता. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्याने ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले. एक कोटीहूनही कमी वस्तीच्या त्या देशाला इंग्लंडने १९५३ च्या नोव्हेंबरात आपल्या घरी खेळायला बोलाविले. युरोपच्या मुख्य भूमीवरील एकाही देशाने तोवर इंग्लंडला इंग्लंडच्या भूमीवर हरविले नव्हते. ह्याही वेळी वेगळे काही घडेल, असे बहुतेक इंग्रजांना वाटत नव्हते.

होगन तेव्हा ७१ वर्षांचा होता. ॲस्टन व्हिलाच्या कुमार खेळाडूंना शिकविण्याचे काम त्याच्याकडे आले होते. पाहुण्यांचा खेळ आपल्या मुलांनी डोळ्यांनी पाहावा म्हणून तो त्यांना घेऊन लंडनला आला, आणि २५ नोव्हेंबर रोजी दुपारी, वेम्ब्लीच्या मैदानावर जमलेल्या सुमारे १,०५,००० प्रेक्षकांत त्यांच्यासह जाऊन बसला.

सामना सुरू होऊन एक मिनिटही झाले नसेल, तोच हिदेगकुटीने पहिला गोल केला. इंग्लंडने तो फेडला खरा. पण सत्तावीस मिनिटे होईतो हंगेरीचे चार गोल झाले होते. त्यांतला एक तर अजूनही सांगितला जातो. हंगेरीचा नायक पुश्काश गोलाजवळ चेंडू घेऊन उभा होता. इंग्लंडचा नायक राइट जिवाच्या आकांताने त्याच्या अंगावर घसरत आला. पुश्काशने बुटाच्या तळव्याने चेंडू हलकेच मागे ओढला. राइट पुढे घसरत निघून गेला, आणि पुश्काशने डाव्या पायाने चेंडू गोलात धाडला.

हिदेगकुटीच्या पाठीवर ९ हा आकडा होता. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ९ आकड्याचा खेळाडू म्हणजे सेंटर फॉरवर्ड; त्याने शत्रूच्या गोलासमोर ठाण मांडावे आणि ५ आकड्याच्या बचाववीराने त्याला अडवावे. हिदेगकुटी मात्र मागे मागे सरके. आता बचाववीराने त्याच्या मागे जावे, तर गोलासमोर खिंडार पडे. न जावे, तर हिदेगकुटी मोकळा राही. बिचाऱ्या इंग्रज बचाववीराला हा पेच शेवटपर्यंत सुटला नाही. ही युक्ती होगनची नव्हे. ती मार्टोन बुकोवी व शेबेश ह्या हंगेरियन शिक्षकांनी घडविलेली. पण युक्ती सफल होण्यासाठी पायात जी कला लागते, चेंडू क्षणात वश करणे, गवतावरून सोबत्यापर्यंत पोचविणे, देताक्षणी सरकणे, ती कला कोणाकडून त्या देशात आली, हे हंगेरियन लोक विसरले नव्हते. होगन ज्या आकृत्या फळ्यावर काढून दाखवी, त्या आज व्हिलाच्या मुलांसमोर हिरवळीवर हलत होत्या.

सामना ६–३ असा संपला. हिदेगकुटीचे तीन, पुश्काशचे दोन, बोझिकचा एक.

त्या क्षणी म्हाताऱ्या होगनच्या मनात काय आले असेल? समोर त्याची मायभूमी हरत होती. नेल्सनच्या गल्लीत वाढलेल्या, इंग्लंडच्या मैदानांवर घाम गाळलेल्या माणसाला ते सुखाचे असणे शक्य नाही. आणि तरीही जे पांढऱ्या सदऱ्यांतल्या इंग्रजांना लोळवीत होते, ते त्याच्या शिष्यांचे वारसदार होते. पस्तीस वर्षांपूर्वी शाळा सुटल्यावर मैदानावर येणाऱ्या दोन मुलांची ती नातवंडे होती, असे म्हटले तरी चालेल. घरच्या पराजयाने डोळ्यांत यावे ते पाणी कोणते आणि विद्येच्या विजयाने यावे ते कोणते, हे वेगळे करून सांगणे त्यालाही कठीणच गेले असते.

सामन्यानंतर हंगेरीच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष शांडोर बार्च ह्यांनी उघडपणे सांगितले, की आम्हांला फुटबॉलमधले जे काही येते ते जिमी होगनने शिकविले. शेबेशनीही सांगितले, की आम्ही त्याच्याच शिकवणीप्रमाणे खेळलो. आमच्या खेळाचा इतिहास लिहिला जाईल, तेव्हा त्याचे नाव सुवर्णाक्षरांनी लिहिले पाहिजे. गुरुदक्षिणा म्हणून ह्याहून अधिक काय द्यायचे?

इंग्लंडात मात्र हे शब्द अनेकांना झोंबले. ज्याने परक्यांना शिकवून आपल्या देशाचा पाडाव करविला, तो देशद्रोही, असे काहींनी म्हटले. हा आरोप पोकळ होता. होगनने आपली विद्या कधी पेटीत कुलूप लावून ठेवली नव्हती. ती त्याने इंग्लंडच्या दारातही नेली होती. तिथे तिला गिऱ्हाईक मिळाले नाही, तो दोष विकणाऱ्याचा कसा? आणि बुडापेस्टला तो गेला होता, तोही सुखासुखी नव्हे. एका युद्धाने त्याला तिथे नेऊन टाकले होते. पोलीस ठाण्यावर हजेरी देऊन आल्यावर त्याने मैदानावर जाऊन मुलांना शिकविले, एवढाच काय तो त्याचा अपराध.

पुढच्या वर्षी, १९५४ च्या मे महिन्यात, इंग्लंडचा संघ परतफेड करण्यासाठी बुडापेस्टला गेला आणि ७–१ असा हरून आला. तेव्हा कुठे इंग्लंडातील जाणत्यांचे डोळे उघडू लागले. वेम्ब्लीच्या त्या सामन्यात इंग्लंडचा शेवटचा गोल करणारा आल्फ रॅम्से पुढे स्वतः शिक्षक झाला, आणि १९६६ मध्ये त्याच्याच संघाने इंग्लंडला विश्वचषक मिळवून दिला. होगन मात्र मोठ्या पदाच्या मागे लागला नाही. सत्तरी ओलांडल्यावरही तो व्हिलाच्या कुमारांबरोबर मैदानात उतरे, चेंडू हाती घेई, आणि पाऊल कुठे ठेवावे हे स्वतः ठेवून दाखवी.

३० जानेवारी १९७४ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, बर्नली येथे तो वारला. जर्मनीच्या फुटबॉल संघटनेच्या कार्यवाहांनी त्याच्या मुलाला पत्र पाठविले, आणि जर्मनीतील आधुनिक फुटबॉलचा जनक आम्ही तुमच्या वडिलांनाच मानतो, असे त्यात कळविले. त्याच वर्षी ७ जुलैला म्यूनिक येथे विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, आणि पश्चिम जर्मनीने तो २–१ असा जिंकला. विजयी संघाचा शिक्षक होता हेल्मुट शोन, ड्रेस्डेनच्या मैदानावरचा तो पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. आणि समोर उभा होता हॉलंडचा संघ. होगनने आपला पहिला फळा त्याच देशात टांगला होता.